कणगीवरचा चोवीस दिव्यांचा डबा

अश्लेषाला वाटलं होतं, खोक्यातून काहीतरी चकचकीत निघेल. निघालो मी. धुळकट, एका कोपऱ्यात चेपलेला, पोटात पालीच्या अंड्यांची टरफलं घेऊन बसलेला. मी एक जुना नेटवर्क स्विच बोलतोय.

स्विच म्हटल्यावर भिंतीवरचं दिव्याचं बटण डोळ्यांसमोर आणू नका. मी लोखंडाचा चपटा डबा आहे. तोंडावर चोवीस भोकं, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि प्रत्येक पोर्टावर एक इवलासा दिवा. संगणकांच्या तारा त्या पोर्टांत येऊन बसतात आणि एकाचा निरोप मी दुसऱ्यापर्यंत पोचवतो. माझे तिसरा आणि एकोणिसावा हे दोन पोर्ट मेलेले आहेत. बाकी बावीस ठणठणीत.

जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला, एकाच दिवशी हजार भावंडांबरोबर. त्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते लोणावळ्याचं एक हॉटेल. तिथे जिन्याखालच्या कपाटात मी आठ वर्षं काढली. खिडकीबाहेर अख्खी दरी पसरलेली असायची आणि माणसं दरीकडे पाठ करून "नेट का नाही?" म्हणून भांडत असायची. मग मॅनेजर धावत येऊन मला बंद करायचा आणि परत चालू करायचा. माणसांना हा एकच उपाय सगळ्यावर लागू पडतो असं वाटतं. गंमत म्हणजे बहुतेक वेळा तो पडतोही.

मग हॉटेलात नवा स्विच आला. मी गोणीत गेलो, गोणीतून तळेगावच्या प्रज्ञेशच्या दुकानात. तो जुने संगणक दुरुस्त करतो. त्याने मला झाडलं, चालू करून पाहिलं आणि फोनवर कुणाला तरी सांगितलं, "सरावाला एक नंबर आहे. दिसायला नको बघूस."

ती "कुणीतरी" म्हणजे अश्लेषा. वय चोवीस. वडील सैन्यात, त्यामुळे शाळा जोधपूर, तेजपूर अशी फिरत फिरत झाली आणि इंजिनिअरिंग कोइमतूरला. आंदर मावळातली आपली वाडी तिने मे महिन्याच्या सुट्टीपुरतीच पाहिलेली. आता ती कायमची राहायला आली होती, नंदाबाई काकींच्या घरी.

का आली, ते तिने पहिल्याच दिवशी जेवताना सांगितलं. एक संस्था वरच्या सात शाळांना इंटरनेटने जोडणार होती. ते जाळं सांभाळायला त्यांना स्थानिक माणूस हवा होता. पण नेटवर्किंगची तीन प्रमाणपत्रं हवीत, आणि तीही तीस नोव्हेंबरच्या आत. नाहीतर काम पुण्याच्या कंपनीकडे जाणार.

"मग जाऊ दे की," काकी म्हणाल्या. "पुन्याची मानसं हुशार असत्यात."

"काकी, पावसाळ्यात तार तुटली तर पुण्याचा माणूस कधी येणार? एसटी दिवसातून दोनदा. इथली तार तुटली, तर ती इथल्याच माणसाला जोडता आली पाहिजे." बोलताना तिचा घास हातातच राहिला होता.

"व्हय, व्हय. आधी भात तरी जोड पोटाला," काकी म्हणाल्या.

हातात बावन्न दिवस होते. जे काम लोक वर्षभर करतात ते तिला दोन महिन्यांच्या आत उरकायचं होतं. तिने मोठा कागद घेऊन वेळापत्रक आखलं, अर्ध्या अर्ध्या तासाचं. वर ठळक अक्षरांत "अश्लेषा" आणि खाली तीन परीक्षा: पहिली दिवाळीच्या आधी, दुसरी दिवाळीनंतर, तिसरी नोव्हेंबरच्या अगदी शेवटी. घरात टेबल नव्हतं. भात साठवायची शेणाने सारवलेली बांबूची कणगी होती. तिच्या तोंडावर फळी टाकून मला वर बसवलं. मी चालू झालो की माझा पंखा घरघरतो. काकी दचकून म्हणाल्या, "आत मांजर हाय का काय?"

गावात शांतता असेल, हीसुद्धा अश्लेषाची एक समजूत होती. दिवस भातकापणीचे होते. पहाटे कोंबडे, मग म्हशी, मग विळ्यांना धार लावायचा आवाज, आणि दिवसभर दारावरून जाणारा प्रत्येक माणूस आत डोकावून, "काय करतीया?" एवढं विचारून जाणार. तिने कानात बोळे घातले. लोकांना वाटलं, कान दुखतोय. संध्याकाळपर्यंत तीन घरांतून लसूण घालून कढवलेलं तेल आलं.

तरी पहिली परीक्षा ती पास झाली. कागदावर एक रेघ मारली आणि माझ्या डोक्यावर थाप दिली. लोणावळ्यात आठ वर्षांत मला कुणी थाप दिली नव्हती. चापट्या बऱ्याच मिळाल्या.

एका संध्याकाळी नथू आबा ओट्यावर येऊन बसले. वाडीतला सर्वांत जुना माणूस.

"उद्या आमच्याकडं सावड हाय. घरटी एक माणूस."

सावड म्हणजे आज सगळ्यांनी तुमच्या शेतात राबायचं, उद्या तुम्ही त्यांच्या. मजुरी नाही, दिवसाला दिवस. काकींचा गुडघा सुजला होता आणि त्यांची सून चंपा आदल्या दिवशीच दुसरीकडे राबून आली होती. सगळ्यांनी अश्लेषाकडे पाहिलं.

"आबा, मला नाही जमणार. उद्या माझं सबनेटिंग आहे."

"कुनाच्या घरी?"

"घरी नाही हो! धडा आहे. एका मोठ्या नेटवर्कचे छोटे छोटे भाग पाडायचे."

"म्हंजी वाटनी," आबा म्हणाले. "लय वाईट काम. भावाभावात बोलनं ऱ्हात न्हाई. त्यापरीस कापनीला ये."

ती हसली, पण गेली नाही. चंपा गेली, सलग दुसऱ्या दिवशी. असं आणखी तीनदा झालं. रात्री भाकरी थापताना चंपा वहिनींचा हात दुखायचा, ते मला आवाजावरून कळायचं.

याच दिवसांत मला ताप चढला. अश्लेषाने घाईघाईत एकाच तारेची दोन्ही टोकं माझ्याच दोन पोर्टांत खुपसली. झालं! एका पोर्टातून निघालेला निरोप दुसऱ्यातून परत माझ्यात, मी तो परत सगळ्यांना, तो परत माझ्याकडे. तारा जोडलेल्या पोर्टांचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकायला लागले. तिने तार उपटली तेव्हा कुठे मी शुद्धीवर आलो. याला फेरा म्हणतात आणि तो थांबवायची रीत पुस्तकात बावीस पानांत लिहिलेली आहे. तिच्याकडे समजून घ्यायला वेळ नव्हता. तिने ती पानं पाठ केली.

दुसऱ्या परीक्षेत नेमकी आकृती आली. कुठली वाट बंद ठेवाल? पाठ केलेलं आकृतीसमोर उभं राहिलं नाही. आठ गुणांनी ती नापास झाली.

ती आली, पिशवी ठेवली आणि माझ्यासमोर बसून राहिली. सव्वीस तारखेला पुन्हा बसता येत होतं. अठ्ठावीसला तिसरी. म्हणजे तीन दिवसांत दोन परीक्षा. नाहीतर सगळंच संपलं.

चंपा वहिनींनी चहा आणून ठेवला. "किती पायजे होतं?"

"आठ गुण."

"आठच? मग रडतीस कशाला? आठ तर हातच्या बोटांवर मावत्यात."

दुसऱ्या दिवशी अश्लेषाने पुस्तक उघडलं, मिटलं, आणि भिंतीवरचा विळा काढला. "वहिनी, आज तुम्ही घरी. मी जाते."

शेतात काय झालं ते मी पाहिलेलं नाही. संध्याकाळी कानावर आलं तेवढं सांगतो. तिने एक बोट कापून घेतलं, भाताच्या अर्ध्या जुड्या उलट्या बांधल्या आणि वाडीतल्या येसूबाईंनी तिला सगळ्यांदेखत विचारलं, "कोइमतुरात भात उलटं उगवतं का गं?" पण ती दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्याही. चौथ्याही. पहाटे दोन तास अभ्यास, दिवसभर विळा, संध्याकाळी परत पुस्तक. गंमत अशी की वेळापत्रकातले अर्धे चौकोन उडाले तरी आता तिला झोप लागत होती, आणि वाचलेलं डोक्यात राहत होतं.

कापणी उरकली. पाचव्या दिवशी सकाळी खळ्यावर माणसं जमली. नथू आबा, येसूबाई, आणखी सात-आठ जण.

"पोरीचे चार दिस आमच्याकडं ऱ्हायलेत," आबा म्हणाले. "तुला सोताचं शेत न्हाई. सांग, तुझं काय कापायचं?"

अश्लेषाचे डोळे चमकले. ते मी उजेडावरून ओळखतो, माझं कामच ते आहे.

"माझं कापायचं काही नाही. आज तुम्ही माझं नेटवर्क व्हा."

तिने मला उचलून खळ्यावर पाटावर आणून ठेवलं आणि घरातून लांब वायर ओढून चालू केलं. काकींनी मला हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. पंख्याने त्याची एक पाकळी ओढून घेतली, ती अजून माझ्या पोटात आहे.

माणसं गोलात उभी राहिली. नियम सोपा होता. ज्याला एका शेजाऱ्याकडून भाताची काडी मिळेल त्याने ती ठेवून घ्यायची आणि तशीच नवी काडी दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याला द्यायची, म्हणजे निरोप कुणासाठीही असो, त्याच्यापर्यंत पोचेलच. काडीला तोटा नव्हता, पायाखाली पेंढाच पेंढा.

आबांनी पहिल्या दोन काड्या दिल्या. मिनिटभरात हाहाकार माजला.

"अगं माझ्याकडं परत आली!"

"मग पुढं दे की!"

"आत्ताच दिली! ही दुसरी!"

"थांबा!" अश्लेषा ओरडली. "काकी, थांबा!"

"थांबू कशी? कुनाला ऱ्हायलं म्हनाया नको!" काकी दोन्ही हातांनी काड्या वाटत होत्या. लग्नाचं आवतण द्यायची सवय. एक घर चुकलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. येसूबाईंच्या पदरात तर अख्खी पेंढी झाली होती. "आता म्या हे म्हशीलाच घालते," त्या म्हणाल्या आणि सगळं खळं हसून हसून खाली बसलं.

मला एकट्यालाच ठाऊक होतं की हाच तो माझा ताप.

चंपा वहिनी बसल्या नव्हत्या. त्या गोलाकडे बघत होत्या. "एकानं हात मागं बांधायला पायजे," त्या हळूच म्हणाल्या. "समद्यांनी न्हाई. एकानंच, एकाच अंगानं. मग काडी फिरून येयाची न्हाई."

"कुणी?" अश्लेषाने विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

"आबांपासनं मोजा. दोन्हीकडनं जो सगळ्यात लांब, त्यानं. पन जागा सोडायची न्हाई हां. मधलं कुनी उठून गेलं, तर त्यानं हात सोडायचा अन् काडी पुढं द्याची."

अश्लेषा पेंढ्यात बसली. "वहिनी, पुस्तकात हे बावीस पानांत आहे."

"मग लिवणाराला सावड म्हाईत नसंल," चंपा वहिनी म्हणाल्या.

त्या दिवशी दुपारपर्यंत खेळ चालला. आबा उठून गेले, येसूबाई मुद्दाम झोपल्या, एकाने चोर होऊन काड्या पळवल्या. म्हणजे तिसऱ्या परीक्षेतला सुरक्षेचा धडाही त्यात येऊन गेला. अश्लेषा धावत होती, हसत होती, जमिनीवर काडीने आकृत्या काढत होती.

सव्वीस तारखेची परीक्षा ती पास झाली. अठ्ठावीसचीही. दुसरीत आठ गुण कमी पडले होते, तिथे आता चाळीस जास्तीचे आले. ती एसटीतून उतरली ती धावतच आली आणि आधी चंपा वहिनींच्या गळ्यात पडली. वहिनींचे हात पिठाने भरलेले होते, दोघी पांढऱ्या झाल्या. नव्या भाताचा वास घरभर भरला होता. काकी तर दारातून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगत होत्या, "आमची पोरगी पास झाली. कशात ते इचारू नका, पर तीनदा झाली!"

मग संस्थेचा फोन आला. काम तिचंच. सोमवारी सात शाळांसाठी नवीन सामान येणार. फोन मोठ्या आवाजावर होता, म्हणून पुढचं मलाही ऐकू आलं. "सरावाचा तो जुना डबा आता टाकून द्या, मॅडम."

मी घरघरलो, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने. माझं आयुष्य कपाटात, गोणीत आणि कणगीवर गेलं. त्यातले हे बावन्न दिवस सोडले तर मला कुणी नीट पाहिलंही नव्हतं. तुमच्याही माळ्यावर, ऑफिसच्या कोपऱ्यात माझ्यासारखा एखादा असेल. दोन पोर्ट मेले म्हणून बाकीचे बावीस फेकू नका. कुठेतरी कुणीतरी शिकायला बसलेलं असतं आणि त्याला चकचकीत काही नको असतं, चालू हवं असतं. एवढीच माझी विनंती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अश्लेषाने माझ्या सगळ्या तारा काढल्या. मला फडक्याने पुसलं. मी गोणीची वाट पाहत होतो. तिने भिंतीवरचं वेळापत्रक उतरवलं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर नव्याने चौकोन आखले. या वेळी अर्ध्या तासाचे नाहीत, आठवड्याचे. पुढच्या कापणीपर्यंतचे. वर ठळक अक्षरांत नाव लिहिलं, "चंपा."

चंपा वहिनी दारात दुधाचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. "ह्ये काय?"

"माझ्या वाटणीचे चार दिवस तुम्ही राबलात. ते फेडायचेत. सात शाळा आहेत वहिनी, मी एकटी कुठे कुठे धावू? तार तुटली तर इथल्याच माणसाला जोडता आली पाहिजे ना?"

"मी बारावी हाय फकस्त."

"खळ्यावर बावीस पानं कुणी सांगितली?"

वहिनींनी पातेलं खाली ठेवलं. हात पदराला पुसले. "आन मी पास झाले तर?"

"तर तुम्ही पुढच्याला बसवायचं. दिवसाला दिवस."

अश्लेषाने मला परत चालू केलं. तिच्या संगणकाला जोडलेली एक तार वहिनींनी उचलली, नीट न्याहाळली आणि माझ्यात खुपसली ती नेमकी तिसऱ्या पोर्टात, मेलेल्या. दिवा लागला नाही. त्यांनी अश्लेषाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग काहीही न विचारता तार काढून चौथ्यात घातली.

मी दिवा लावला.