दाढ्यांचं पंचांग

काकांनी आयुष्यात एकही व्हिडिओ गेम पुरा खेळलेला नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एकदा हौसेने एक सुरू केला होता. पहिल्याच पुलावर एक रानडुक्कर अंगावर यायचं आणि काका मरायचे. पुन्हा सुरू, पुन्हा पूल, पुन्हा डुक्कर. दिवसभर कात्री चालवून अवघडलेल्या अंगठ्यांनी शेवटी हात टेकले. पण गेमच्या बातम्यांचा नाद जो लागला तो काही सुटला नाही. कोणत्या गेमचा पुढचा भाग कधी येणार, कोणता लांबला, कुठल्या कंपनीतून कोण रागावून बाहेर पडलं, नव्या भागात घोड्याची आयाळ पातळ का दिसते आणि तिच्यावरून खेळाडूंच्या दोन गटांत कशी जुंपली, हे सगळं काकांना तोंडपाठ. सलूनमध्ये गिऱ्हाईक नसलं की ते स्वतःच खुर्चीत बसायचे. चष्मा कपाळावर आणि फोन नाकाशी.

"खेळायचं काही नाही, नुसत्या उंटावरून शेळ्या हाकायच्या," पडद्यापलीकडून काकू म्हणायच्या.

सलून म्हणजे एकच लांबट खोली. मधे जाड पडदा. अलीकडे पुरुषांचे केस कापणारे काका, पलीकडे बायकांचे केस कापणाऱ्या काकू. पडदा केस अडवायचा, बोलणं अडवायचा नाही. लग्नाला एवढी वर्षं होऊनही काकांना आपलं बोलणं पलीकडे ऐकू जातं याचं दर वेळी नवल वाटायचं.

आता काकूंना काय ठाऊक, की या शेळ्या हाकणाऱ्याला बाहेर किती मान होता! खेळाडूंचा एक ऑनलाइन कट्टा होता. हजारो माणसं तिथे रोज भांडायला जमायची. त्या कट्ट्यावर काकांचं नाव होतं 'घार'. आणि घार बोलली की कट्टा गप्प व्हायचा. 'शेवटचा दीपस्तंभ' या गेमचा पहिला ट्रेलर कधी येणार ते घारीने सांगितलं, आला. दुसरा सांगितला, तोही आला. एकदा तर कंपनी उद्या तारीख जाहीर करणार, हे घारीने आदल्या संध्याकाळीच लिहून टाकलं होतं. तेव्हापासून लोकांनी ठरवलं, की घार म्हणजे कंपनीतलाच कोणीतरी बडा अधिकारी, बहुतेक वैतागलेला.

खरी गोष्ट एवढीच होती, की ती कंपनी काकांच्या दुकानासमोर रस्त्यापलीकडे होती आणि तिथले झाडून सगळे पुरुष काकांकडे यायचे. किंवा यायचे नाहीत. सगळी गोम या न येण्यात होती. काम अंगावर आलं, की आधी केस कानावर यायचे. मग दाढ्या वाढायच्या. मग दाढ्यांचीही निगा सुटायची आणि ती माणसं दुपारी रस्ता ओलांडून सँडविच आणायला जाताना गुहेतून बाहेर पडल्यासारखी डोळे मिचकावायची. आणि मग एके दिवशी सगळे एकदम दुकानात थडकायचे, "काका, जरा माणसात आणा, उद्या कॅमेऱ्यासमोर उभं राहायचंय." झालं. काका हात धुवायचे आणि कट्ट्यावर लिहायचे, 'या आठवड्यात ट्रेलर.'

काकांनी हे लपवलं होतं अशातलाही भाग नाही. एकदा कोणीतरी विचारलं, की घारीला कळतं कुठून? काकांनी सरळ लिहिलं, 'दाढ्यांवरून.' त्यावर तीन दिवस चर्चा झाली. दाढ्या हे कंपनीतल्या एका गुप्त विभागाचं टोपणनाव आहे, असं शेवटी सर्वानुमते ठरलं. काकांनी मग तो विषय सोडून दिला. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलंही होतं. आरशासमोर दिवसभर दुसऱ्यांची डोकी बघणाऱ्या माणसाला कोणीतरी बडा अधिकारी समजलं, तर त्यात वाईट काय वाटून घ्यायचं?

तर त्या मंगळवारी भलतंच घडलं. 'शेवटचा दीपस्तंभ'चा दुसरा भाग यायला महिना उरला होता. पंचांगाप्रमाणे समोरच्यांच्या दाढ्या आता छातीशी लागायला हव्या होत्या. तर भर दुपारी त्यांच्यातला एक चित्रं काढणारा येऊन निवांत खुर्चीत बसला. फोनवर फोटो दाखवत "असा कट चांगला दिसेल का मला?" म्हणाला. वर डोक्याला मालिशही करून घेतली. त्याच्या मागोमाग आणखी दोघे.

"आज सुट्टी का रे?" काकांनी विचारलं.

"सुट्टी नाही हो. कंपनीच्या मोठ्या बाई म्हणाल्या, आठवडाभर वेळेवर घरी जा, झोपा जरा. का ते नाही सांगितलं. आपण कशाला विचारा?"

महिन्यावर गेम आणि माणसांना झोप? याचा अर्थ एकच. गेम पुढे ढकलला. आणि हे कंपनीतल्या माणसांनाही अजून माहीत नाही! गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झटकणंही न थांबवता काकांनी डाव्या हाताने कट्ट्यावर लिहिलं, 'मोठी बातमी आहे. दीपस्तंभाबद्दल. उद्या सांगतो.' लगेच सांगितली नाही, कारण भाव खायचा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

संध्याकाळी कुरळ्या आला. कुरळ्या समोरच्या कंपनीत जाहिरातीचं काम बघायचा. कोणती घोषणा कधी करायची ते त्याच्या टेबलावरून जायचं. पहिली नोकरी लागली तेव्हापासून त्याचं डोकं काकांच्या हाताखालचं. एरवी बडबड्या, आज खुर्चीत मुकाट बसला.

"काय रे, सूनबाई बरी आहे ना?" काकांनी विचारलं. कुरळ्याच्या बायकोला सातवा महिना होता.

"ती बरी आहे काका. माझंच काही खरं नाही. नोकरी जाणार बहुतेक."

कात्री थांबली.

"आमच्यातलं कोणीतरी बाहेर तारखा सांगतंय. कट्ट्यावर घार नावाने लिहितो तो. आणि तारखा आधी कोणाला कळतात? मला. सगळ्यांना वाटतंय घार मीच. आज मोठ्या बाईंनी बोलावून एक गोष्ट सांगितली. म्हणाल्या, हे फक्त मला आणि तुला माहीत आहे. आता बघू घार काय बोलते. काय ते विचारू नका काका, मी घरीपण सांगितलं नाही. आणि त्या गाढवाने दुपारीच लिहून ठेवलंय, उद्या मोठी बातमी सांगतो म्हणून!"

काकांनी त्या दिवशी कुरळ्याच्या डाव्या कानावरचे केस जरा जास्तच कापले. मग उजवीकडचेही कापावे लागले. मग पुन्हा डावीकडचे. कुरळ्या आरशात बघत होता, पण त्याला काही दिसत नव्हतं.

तो गेल्यावर काकांनी दुकानाचं दार लोटलं आणि पडदा बाजूला सारला. काकू फण्या धूत होत्या.

"ऐकलंस?"

"ऐकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी."

"मी चोर आहे का?"

"घार आहात. जाऊन सांगा त्या बाईंना."

"काय सांगू? तुमची बातमी मला दाढ्यांवरून कळते म्हणून सांगू? कट्ट्यावर सांगितलं होतं, कोणाला पटलं? त्या म्हणतील, पोराने हजामाला पढवून पाठवलाय. आहे ते प्रकरण आणखी अंगाशी येईल त्याच्या."

काकूंनी फणी झटकली. "मग गप्प बसा. लिहूच नका काही."

"अगं, उद्या सांगतो म्हणून बसलोय ना. आता गप्प बसलो तर म्हणतील, जाळ्यात सापडला म्हणून वाचा बसली. लिहिलं तरी तो अडकतो, नाही लिहिलं तरी तोच अडकतो."

हे बोलता बोलताच काकांना पुढचं दिसलं आणि ते खाली स्टुलावर बसले. एकच वाट होती. गेम पुढे गेला हे खरं कुरळ्याला बाईंनीच सांगितलेलं होतं. म्हणजे घारीला ते माहीत नसायला हवं. घारीने चुकायला हवं होतं. हळूच नाही, चारचौघांत, छाती ठोकून.

"एकदा चुकलं तर काय बिघडतं?" काकू म्हणाल्या.

काय बिघडतं! काकांना नाटक येत नव्हतं, गाणं येत नव्हतं, त्या डुकराला पुलावरून ढकलणंसुद्धा येत नव्हतं. आयुष्यात एकाच ठिकाणी लोक त्यांचं बोलणं थांबून ऐकत होते. ते नाव मिळायला वर्षं गेली होती आणि जायला एक ओळ पुरणार होती. त्यांना कुरळ्याचा राग आला. मग बाईंचा आला. मग एकेकाची दाढी आठवली आणि त्या दाढ्यांचाही आला. शेवटी रागवायला कोणी उरलं नाही.

उद्याची वाट न बघता त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि लिहिलं, 'बातमी अशी. दीपस्तंभ ठरल्या दिवशीच येणार. एक दिवससुद्धा पुढे जाणार नाही. घारीचा शब्द.'

कट्ट्यावर आनंदाला उधाण आलं. घारीचा शब्द म्हटल्यावर विषयच संपला. कोणी त्या दिवसाची रजा टाकली, कोणी नव्या खुर्चीची ऑर्डर दिली, एकाने तर गेमसाठी पैसे हवेत म्हणून उद्याचं दाताचं ऑपरेशन पुढे ढकललं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. 'बर्फातली आजी' नावाची कोणीतरी जुनी खेळाडू होती. तिने लिहिलं, 'घार म्हणतेय ना, मग मी निश्चिंत.' हे वाचून काकांना जेवण गेलं नाही.

"घ्या ना थोडं," काकू म्हणाल्या. "एवढं काय? गेम पुढे गेलाय हे मला केव्हाच माहीत होतं."

काकांचा घास हातातच राहिला.

"तुला? कसं?"

"बाईंच्या केसांना रंग लावत होते, तेव्हा त्याच बोलल्या. तुमचं नाक फोनमध्ये, ऐकायला कान कुठे रिकामे असतात? पाण्याचं काहीतरी जमत नाहीये म्हणे गेममध्ये, लाटा उलट्या जातात. आधीच्या तारखाही सांगितल्या होत्या. सगळ्याच."

"सगळ्याच? मी तिकडे एकेक दाढी मोजत बसलोय आणि तू इथे... आणि मला बोलली नाहीस?"

"का बोलू? माणूस आरशापुढे बसला की स्वतःशीच बोलतो. आपण तिथे असतो हे विसरतो. म्हणून तर त्या म्हणाल्या, दोघांनाच माहीत आहे. मला कुठे हिशेबात धरलं त्यांनी? आणि नाही धरलं तेच बरं आहे. उद्या धरायला लागल्या तर मान खाली घालून माझ्यासमोर बसतील का?"

काकांनी हातातला घास तोंडात घातला. मग ते जेवले.

पुढच्या आठवड्यात घोषणा आली. 'शेवटचा दीपस्तंभ'चा दुसरा भाग सहा महिने पुढे. कट्ट्याने आधी कंपनीला धुतलं आणि मग मोर्चा घारीकडे वळवला. घारीचं कोंबडं झालं, घारीला मोतीबिंदू झाला, घार मुळात पतंग होती आणि दोरी कापली गेली. घारीची चित्रं निघाली, चष्मा लावलेली, खांबावर आपटलेली. ज्याने ऑपरेशन पुढे ढकललं होतं त्याने सुजलेल्या गालाचा फोटो टाकला. बर्फातल्या आजीने एवढंच लिहिलं, 'जाऊ द्या रे. मीच जास्त विश्वास ठेवला.' काकांनी सगळ्या शिव्या वाचल्या आणि सोसल्या. ही एक ओळ मात्र त्यांना सोसवेना. खूप वाईट वाटलं. एक खरं वाक्य लिहिलं असतं तर आजीला कळलं असतं. ते वाक्य त्यांनी दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं आणि फोन टॉवेलांच्या कपाटात ठेवून दिला.

शनिवारी कुरळ्या आला तो शीळ वाजवतच. खुर्चीत बसला आणि स्वतःच मान मागे टाकली.

"दाढी करा काका, गुळगुळीत! सुटलो एकदाचा. बाईंनी स्वतः बोलावून माफी मागितली. म्हणाल्या, घार तू असतास तर असं लिहिलंच नसतंस. वर बाळ झाल्यावर जास्तीची सुट्टीपण देणार आहेत."

"वा," काका म्हणाले. त्यांनी त्याच्या गालांना साबण लावला. मनापासून बरं वाटत होतं त्यांना, हे खोटं नाही.

"पण काय हो तो घार! सगळे नुसते तुक्के. चार वेळा लागले आणि आम्ही येडे घाबरलो त्याला. कोणीतरी रिकामटेकडा असणार. कामधंदा नाही, गेममधलं ओ की ठो कळत नाही, आणि म्हणे आतली बातमी! हो की नाही काका?"

काकांच्या हातात वस्तरा होता आणि वस्तऱ्याखाली कुरळ्याचा गळा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कशाला म्हणतात ते काकांना पुरतं कळलं. पडद्यापलीकडे चाललेला ड्रायर एकाएकी बंद झाला. काकू ऐकत होत्या.

काकांनी वस्तरा कापडाला पुसला.

"मला तर पहिल्यापासूनच तो माणूस उथळ वाटत होता," ते म्हणाले. "हनुवटी वर कर. आणि बोलू नकोस, लागेल."