लहान हातांचा गट

"बोटं ताणू नकोस, रॉडनी," ग्लेनिस म्हणाली. "हात मोजतायत, छत नाही."

रॉडनी टॉर्डॉफने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तो तिचा नवरा; देह कपाटाएवढा. फळीवर मनगट टेकवून त्याने मधलं बोट असं काही पुढे रेटलं की चेहरा लालबुंद झाला. फळीवरच्या रेघेच्या अलीकडे बोट थांबलं तर हात लहान, रेघेला शिवलं तर मोठा. शिवलं.

"मोठा," डेझमंड सगडनने निकाल दिला.

यॉर्कशरमधल्या त्या गावात दरवर्षी पबच्या मागच्या खोलीत पकडीची स्पर्धा भरे. जाड लोखंडी नळी, तिच्याखाली साखळीने टांगलेली वजनं. एका हाताने उचलायची. नळीची जाडी म्हणजे नियम. डेझमंडच्या वडिलांनी परसातला संडास पाडला, टाकीखालचा पाइप उरला, आणि स्पर्धा सुरू झाली. पुढे वडील गेले, जाडी राहिली.

ग्लेनिस शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. उकडलेल्या बटाट्यांची पातेली ती एका हाताने उतरवी. पण त्या नळीभोवती तिचा अंगठा आणि बोटं एकमेकांच्या नजरेलाही पडत नसत. बाप्यांची बोटं मात्र अंगठ्यावर चढून बसत. दरवर्षी ती शेवटची, आणि दरवर्षी कुणीतरी पाठ थोपटून म्हणे, "भाग घेतलास हेच खूप." तिच्या मस्तकात तिडीक जाई.

"लहान हातांना बारीक नळी ठेवा," ती दरवर्षी सांगे.

"मग बुटक्यांसाठी शर्यतीचं अंतर कमी करू का?" डेझमंडचं ठरलेलं उत्तर.

"वजनाप्रमाणे गट करता ना? नळी काय पोटाने उचलतात?"

यंदा तो नमला. वेगळा गट, बारीक नळी, जिंकणाऱ्याचं नाव भिंतीवरच्या पाटीवर. अट एकच, गटात तिघं हवेत.

आणि इथेच माशी शिंकली. हेच पुरुष हलक्या वजनाच्या गटात शिरायला उपाशी राहत, बूट काढत, एकाने तर दाढीही काढली होती. पण हात लहान म्हणवून घ्यायला एकहीजण तयार होईना. फळीपुढच्या रांगेत प्रत्येकजण स्वतःची बोटं ओढत होता, धार काढावी तशी. शेवटी उरल्या दोघी, ग्लेनिस आणि पोस्टातली मॉरीन.

"दोघीच. गट रद्द," डेझमंड मायेने म्हणाला. "या नेहमीच्या नळीवर."

ग्लेनिस तडक रॉडनीकडे गेली. तो बिअर पीत होता.

"हिवाळ्यात माझे हातमोजे कोण घालतं?"

"ते मोठ्या मापाचे आहेत."

"माझे आहेत."

"अगं, सगळे बघतायत."

"मला तर दरवर्षी बघतात. शेवटची येताना."

रॉडनीने ग्लासात पाहिलं. ग्लास ठेवून तो फळीशी गेला.

"परत मोज, डेझमंड. हात सैल सोडतो."

बोट रेघेच्या बरंच अलीकडे थांबलं. "बाहुलीचा हात लावून आणलास काय रे?" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. रॉडनीचे कान तापले, पण हात फळीवरून हलला नाही.

"तीन झाले," डेझमंड म्हणाला.

"पण हा एवढा रेडा आमच्यात?" मॉरीनने विचारलं.

"या गटात वजन धरलेलं नाही. एका वर्षी एवढाच न्याय पुरे."

मॉरीनने तिच्यापरीने उचललं. मग रॉडनी आला. बारीक नळी हातात बसली आणि आजवर वाया गेलेलं सगळं कपाट कामाला लागलं. साखळी कण्हली. वजन खाली ठेवून त्याने बायकोकडे पाहिलं, तिच्या आवडीचा कप फोडल्यासारखं. पाटीवर कुणाचं नाव लागणार, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. तिलाही.

"किती लावू, पोरी?" डेझमंडने विचारलं. "त्याच्याएवढं नको ना?"

"मागच्या वर्षी माझ्या हातून सुटलं होतं, तेवढंच."

तिने नळी धरली. अंगठा बोटांना भेटला. वजन जमिनीवरून उठलं.

"झालं. ठेव खाली."

तिने ठेवलं नाही.

"ग्लेनिस, झालं गं. बघितलं मी."

"नीट बघा," ती म्हणाली. "घाई आहे का कुणाला?"

साखळी सरळ लोंबत होती, जराही न डुलता.