एकोणतिसावं राज्य

“सर, घर न बदलता माणसाचं राज्य बदलू शकते का?”

प्रश्न विचारून मयुरी उभीच राहिली. बसली असती तर पैज हरली असती. मैत्रिणीने, सुरभीने, अटच तशी घातली होती: उत्तर मिळेपर्यंत बसायचं नाही, हसायचं नाही आणि थेट सरांच्या डोळ्यांत पाहायचं. एवढं जमलं तर बसस्टँडवरचे तर्री पोहे सुरभीकडून. मागच्या सतरंजीवरच्या पोरी ओढणी तोंडात कोंबून बसल्या होत्या.

रूपराव सरांनी खडू खाली ठेवला. दहावीच्या शिकवणीसाठी देवळीत त्यांचं नाव होतं, आणि सामान्य ज्ञान ही तर त्यांची खास मिरासदारी. त्यांच्याकडे एक जाडजूड गाईड होतं. त्यात छापलंय ते ज्ञान, नाही छापलं ते अज्ञान. भानगड नाही.

“हे कोडं हाये का प्रश्न हाये?” सरांनी विचारलं.

“प्रश्नच हाये सर. माही मावशी दुर्गले राह्यते. पैले ते मध्य प्रदेशात राहे, आता छत्तीसगडात राह्यते. घर तेच, गल्ली तेच, म्हैसबी तेच. मंग भारतात राज्यं किती झाले?”

“पंचवीस.”

“अन् छत्तीसगड?”

सरांनी गाईड उघडलं, पान पाहिलं, बंद केलं. “छत्तीसगड परीक्षेत येत नाई. तुह्या मावशीले म्हणा, नवं गाईड येईपर्यंत मध्य प्रदेशातच राह्य.”

वर्गात जो हशा पिकला त्यात सर स्वतःही सामील झाले. आपण विनोद केला असं त्यांना वाटलं. मयुरीला मात्र त्या दिवशी पोह्यांपेक्षा मोठं काहीतरी मिळालं. सरांच्या डोळ्यांत पाहून प्रश्न विचारला तर आभाळ कोसळत नाही, हे तिला कळलं. आठवडाभर ती रस्त्याने अशी चालत होती, जणू मेन रोड तिच्यासाठीच डांबरी केलाय.

हे २००२ सालच्या नवरात्राच्या तोंडावरचं. त्याच सुमारास सुरभीचा दादा मुकेश बंगलोरहून सुट्टीत आला आणि मंडळाच्या पोरांना नवीनच खूळ सांगून गेला. तिकडे म्हणे लोक संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात टोळ्या करून बसतात आणि सामान्य ज्ञानाचे प्रश्न सोडवतात.

“गुत्ता नाई म्हणत बे, पब म्हणतात,” मुकेश वैतागून म्हणाला.

“पिऊन उत्तरं देतात?” मंडळाची पोरं अवाक.

“देतात ना. बरोबरबी देतात.”

कल्पना सगळ्यांना आवडली. अडचण एकच, आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा. म्हणजे मिळत नाही असं नव्हे. मिळते असं म्हणायचं नाही. लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असलेलं हे जिल्ह्यातलं पहिलं सामान्य ज्ञान, आणि ते मात्र कोणत्याच गाईडमध्ये सापडत नाही. शेवटी मंडळाच्या बैठकीत गावपुढारी बापूरावांनी तोडगा काढला, “दारू सोडून बाकी सगळं घेऊ. दारूच्या जागी चहा.” अष्टमीच्या संध्याकाळी देवीच्या मंडपात ‘भव्य सामान्य ज्ञान महासंग्राम’ ठरला. प्रश्न विचारणार रूपराव सर, प्रमुख पाहुणे बापूराव, आणि पहिलं बक्षीस प्रेशर कुकर, सौजन्य भूपेंद्र स्टील सेंटर.

स्टील सेंटरचे भूपेंद्र म्हणजे मयुरीचे बाबा.

मयुरीला दहावीनंतर वर्ध्याला जायचं होतं, अकरावी सायन्सला. बाबांना ते पटत नव्हतं. “इथं कॉलेज नाई का? रोज बसनं जाणं, बसनं येणं, पोरीच्या जातीले कायले पाहिजे?” हे त्यांचं वाक्य इतकं ठरलेलं होतं की मयुरी ते त्यांच्याआधी संपवायची. पण बक्षिसाचा कुकर दुकानातून मंडळाच्या पोरांच्या हवाली करताना भूपेंद्रशेठना चढला जोर. चार गिऱ्हाइकं समोर होती. त्यांच्यादेखत ते पोरीला म्हणाले, “ठीक हाये. हाच कुकर तू परत घरी आण. पैला नंबर आला तं जाजो वर्ध्याले. नाई आला तं तो विषय बंद.”

“नक्की?”

“धंदेवाल्याची जबान हाये.”

मयुरी कामाला लागली. तिचं गाईड म्हणजे दुकानातली रद्दी. ताटं-वाट्या गुंडाळायला बाबा किलोच्या भावाने जुने पेपर आणत. मयुरी वाट्या गुंडाळता गुंडाळता वाचायची, आणि एखादी बातमी आवडली की वाटी उघडीच राहायची. युद्धं, निवडणुका, नवी राज्यं, बुडालेल्या बोटी, सगळं तिला स्टीलच्या वासासकट पाठ होतं.

अष्टमीला मंडप गच्च भरला. एका बाजूला बाप्ये, दुसऱ्या बाजूला बाया. ट्यूबलाइट होत्या त्या सगळ्या बाप्यांकडे, कारण स्टेजही तिकडेच वळलेलं. बायांकडे देवीसमोरच्या समईचा काय तो उजेड. चहा फिरत होता. मंडपाच्या मागच्या अंगाने काही मंडळी चहा न पिताच डुलत येत होती, त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हतं.

स्टेजवर मधोमध बापूराव. गावात स्टेज बांधलं की बापूराव त्यावर आपोआप उगवत. वेगळा विदर्भ हा त्यांचा एकच विषय. बारसं असो, बैलजोडीचं प्रदर्शन असो, गाडी विदर्भावर आल्याशिवाय थांबायची नाही. गेल्या उन्हाळ्यात तर सामूहिक विवाहात नवरा-नवरीला त्यांनी आशीर्वाद दिला होता, “तुमचं पैलं लेकरू वेगळ्या विदर्भात जन्माले येवो.” नवरी लाजायचीच विसरली.

स्पर्धा सुरू झाली. रूपराव सर गाईडमधून क्रमाने प्रश्न विचारत होते, आणि त्यांच्या शिकवणीच्या पोरांना क्रमच पाठ होता. विशेषतः सरांचा पुतण्या निकेश. सरांनी “जगातील सर्वात” एवढं म्हटलं की निकेशने नदीचं नाव सांगून टाकावं. एकदा तर सर नुसतं खाकरले आणि निकेश म्हणाला, “पॅसिफिक महासागर.” टाळ्या पडल्या. सर गहिवरले.

पण मयुरीही हटेना. एकेक जण गळत गेला आणि शेवटी स्टेजवर दोघंच उरले, निकेश आणि मयुरी. दोघांचे गुण सारखे. कुकर टेबलावर चमकत होता. पुढच्याच रांगेत बाबा बसले होते. पलीकडच्या अंधारात आई, ज्योत्स्ना, आणि तिच्याजवळ सुरभी, हे मयुरीला आवाजावरून कळत होतं, कारण सुरभी दर उत्तराला शिट्टी मारत होती आणि दर शिट्टीला कोणीतरी तिला रागावत होतं.

“आता शेवटचा प्रश्न,” सर म्हणाले. “जो बरोबर सांगन त्याचा कुकर. भारतात एकूण राज्यं किती?”

मयुरी टाचांवर उंच झाली. हाच! हाच प्रश्न!

“पंचवीस,” निकेश म्हणाला.

“अठ्ठावीस,” मयुरी म्हणाली.

“शाब्बास निकेश!” सरांनी गाईड मिटलं.

“सर, अठ्ठावीस हायेत.” मयुरीने माइक ओढून घेतला. स्वतःचाच आवाज मंडपभर घुमलेला ऐकून तिला आणखी हुरूप आला. “छत्तीसगड, उत्तरांचल, झारखंड. दोन वर्षं होत आली. पेपरात आलं, टीव्हीवर आलं. माही मावशी तं तिथंच राह्यते.”

“गाईडात पंचवीस हायेत.”

“गाईड जुनं हाये सर.”

“गाईड जुनं असते का कधी?” सर खरोखरच दुखावले. “याच्यावर माह्या सतरा बॅचा पास झाल्या!”

बाप्यांकडे कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे पोट्टी बरोबर हाये, कोणी म्हणे सर कसे चुकतीन, सर हायेत ते. मागून एक डुलणारा आवाज आला, “मधला मार्ग काढा ना भौ! साडेसव्वीस करा!” शेताच्या बांधाच्या, धुऱ्याच्या भांडणात गावाची हीच रीत होती: तू इतका सरक, तो तितका सरकन. चार-दोन जण या तोडग्यावर गंभीरपणे विचारही करू लागले.

तेव्हा बापूराव उठले. मयुरीला हायसं वाटलं. मोठा माणूस आहे, रोज पेपर वाचतो, सभांना नागपूरला जातो. याला तर माहीत असणारच.

“रूपराव सरांची चूक होऊन राह्यली,” बापूराव म्हणाले. मयुरीने सुरभीच्या दिशेला पाहून मूठ आवळली. “अन् पोरीचीबी होऊन राह्यली,” ते पुढे म्हणाले. मूठ तशीच राहिली. “ते तीन राज्यं झाले, बरोबर. पण मले सांगा, विदर्भ धरला का?”

सर पुन्हा गाईड चाळू लागले.

“विदर्भ कुठं झाला अजून?” मयुरी म्हणाली.

“झाला नाई, पण होणारच हाये ना! होणाऱ्या राज्याले मोजायचं नाई, हा अन्याय हाये. घरात सुनेचे दिवस भरत आले तं पाळणा आधीच आणतो का नाई? अठ्ठावीस अन् एक, एकोणतीस!”

अशा टाळ्या पडल्या की समई विझते की काय असं वाटलं. सर गोंधळले, निकेश तर बोटांवर मोजू लागला. मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, आता तीन उत्तरं झाली, काय करायचं? बापूराव म्हणाले, “लोकशाही हाये. मत घ्या.”

आणि भारतात राज्यं किती, यावर देवळीच्या मंडपात मतदान झालं.

“पंचवीसवाले हात वर करा.” शिकवणीच्या पोरांच्या बापांनी हात वर केले. पहिल्या रांगेत मयुरीच्या बाबांनीही केला. सर दर वर्षी गुणवंतांना द्यायचे वाट्या-पेले स्टील सेंटरमधूनच घेत. मयुरीला वाटलं, बाबांना नीट ऐकू आलं नसेल.

“अठ्ठावीसवाले.” दोन-चार हात. बाबांनी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला. अंधारातून सुरभी ओरडली, “इकडं पाहा ना जी! इकडं लय हात हायेत!” मयुरीने डोळे ताणले. समईच्या उजेडात तिला आई दिसली. उभी होती, हात पार वर, बांगड्या कोपराशी घसरलेल्या. तिच्या आजूबाजूला आणखी कितीतरी बांगड्या.

“बायकांकडचे मोजायचे राह्यले,” अध्यक्ष चाचरत म्हणाला.

“तिकडं अंधार हाये, दिसत नाई,” बापूराव म्हणाले. “अन् घरोघरचं मत इकडं मोजूनच राह्यलो ना आपण.”

“एकोणतीसवाले?”

हातांचं रान उठलं. त्यात बाबांचा हात दुसऱ्यांदा वर होता, अगदी ताठ. सामूहिक विवाहाची सगळी आंदणाची भांडी बापूराव कोणाकडून घेत, हे वेगळं सांगायला नको.

ठरलं. एकोणतीस. आता प्रश्न उरला कुकरचा. निकेश चुकला, मयुरी चुकली, बरोबर उत्तर मंडपात एकाच माणसाने दिलं होतं. बापूराव “नको, नको” म्हणत दोनदा मागे सरकले आणि तिसऱ्यांदा त्यांनी जनतेच्या आग्रहाखातर प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते, म्हणजे स्वतःच्या उजव्या हाताने स्वतःच्या डाव्या हातात, कुकर स्वीकारला. फोटोवाल्यासाठी दोनदा.

घरी आल्यावर आईने परातीत कणीक घेतली. बाबांनी पाय धुतले, पाटावर बसले, आणि घसा साफ करून म्हणाले, “ठरल्याप्रमाणं... पैला नंबर काई आला नाई.”

मयुरी त्यांच्यासमोर उभी राहिली. तीच पोझ: बसायचं नाही, हसायचं नाही, थेट डोळ्यांत पाहायचं.

“बाबा, भारतात राज्यं किती?”

“अठ्ठावीस,” बाबा लगेच म्हणाले. “मले का माहीत नाई? ते बातमी मीच तं तुले वाचून दाखवली होती, डब्याच्या कागदावरची.”

“मंग हात काऊन नाई वर केला?”

बाबांनी उसासा सोडला. “बेटा, डोकं आपलं असते. हात दुकानाचा असते.”

“दोनदा?”

“दोन गिऱ्हाइकं होते ना.”

आईचे कणीक मळणारे हात थांबले. मयुरीला क्षणभर रडू येईल असं वाटलं, आणि मग वेगळंच काहीतरी आलं.

“बरं,” ती म्हणाली. “मंग या घरातबी मत घेऊ. मयुरीनं अकरावीले वर्ध्याले जावं, हे ज्यायले पटते त्यायनं हात वर करा.” तिने स्वतःचा हात वर केला.

आईने मान वळवली नाही. परातीवरूनच एक हात वर गेला, मनगटापर्यंत कणकेने भरलेला.

“अवं, हे काय मत असते का!” बाबा म्हणाले.

“इथं अंधार नाई ना जी?” आई म्हणाली. “दिसून राह्यला ना हात?”

बाबांनी आईच्या हाताकडे पाहिलं, मयुरीच्या हाताकडे पाहिलं, डोक्यावरच्या बल्बकडेही पाहिलं. मग त्यांचा हात नकळत पुन्हा चष्म्याकडे गेला.

“दोन मतं पडले, बाबा,” मयुरी म्हणाली. “तुम्ही विरोधात हात वर करा, बाजूनं करा, दोन्हीकडून केला तरी चालते, तुमाले सवय हाये. मी ठरवलं. जूनपासून मी सकाळच्या बसनं वर्ध्याले जाणार, अन् पासासाठी फोटो उद्याच काढून येते.”