शेकाच्या कोळशाची पेटी

मी कोळशाची पेटी बोलतेय. बदलापुरात, मालिनीताईंच्या गॅलरीत असते.

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात महेंद्र सुताराने मला घडवलं. जुन्या खोक्यांच्या फळ्या, आत पत्रा, वर बिजागरीचं झाकण. ताई पुन्हा पुन्हा बजावायच्या, "मजबूत कर हं. लेक बाळंतपणाला येतेय, शेक-शेगडीचा कोळसा ठेवायचाय."

"काकू, कोळसाच ना? तुम्ही तर तिजोरी सांगताय!"

लेकीला, किर्तीला, लग्नानंतर आठ वर्षांनी दिवस गेले होते. ताईंनी त्यासाठी सोळा सोमवार केले होते. मी घरी आले तेव्हा त्यांनी मलाही हळदकुंकू लावलं. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर! पूजा झाली की झाकण उघडून कलशातलं पाणी त्या रोज कोळशावरही शिंपडायच्या. "बाळाच्या उपयोगाची वस्तू, पवित्र असू दे."

पाणी पत्र्यात साठलं. कोळसा भिजत होता. पण मी सांगणार कशी?

बाळ घरी आलं. मालिश करणाऱ्या विठामावशींनी गॅलरीत शेगडी पेटवली. नुसता धूर! बाळ शिंकायला लागलं.

"आई, बाळाला हा धूर नको. मी सासरी जाते, तिथे हीटर आहे," किर्ती म्हणाली. तिने बॅग ओढलीसुद्धा.

मावशींनी कोळसा चाचपला. "यो त न्हायलाय गो! पानी कोनी घातला?"

"मीच... तीर्थाचं."

"देवाला घाल गो. कोलशाला कनाला?"

किर्तीला हसू फुटलं. टाके धरून हसली बिचारी. "बरं, दोन दिवस थांबते. नाही पेटला तर मात्र जाईन."

ताईंनी सगळा कोळसा गच्चीवर उन्हात पसरला. महेंद्रने येऊन माझ्या तळाला भोकं पाडली, खाली चार पाय ठोकले. तिसऱ्या दिवशी शेगडीत लाल निखारे फुलले. मावशींनी धूर सरल्यावरच ती आत नेली, खिडकी उघडी ठेवून. किर्तीने पाठ शेकून घेतली आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपली. दाराआड उभ्या ताईंनी हात जोडले.

आता सव्वा महिना झालाय. काल किर्तीने विचारलं, "आई, थंडी सरेपर्यंत राहू?"

ताईंनी थेट कोळसेवाल्याला फोन लावला.

महेंद्रा, विठामावशी, तुमचे उपकार मी विसरणार नाही. आणि ताई, तुमच्याबद्दल कसली तक्रार? फळ्यांना इतक्या मायेने कोण जपतं?

नवी गोणी जिना चढतेय. झाकण उघडा ना, ताई. माझ्यात अजून पुष्कळ जागा आहे.