तळाच्या थरातलं बटण

खड्ड्यात बसून मी हातातल्या बटणाकडे बघत होतो आणि डोकं पार भंजाळलं होतं. निळं, प्लॅस्टिकचं बटण. तेही टेकडीवरच्या सगळ्यात जुन्या थरात!

ही टेकडी तीन धर्मांना पवित्र. प्रत्येकाचं म्हणणं, आम्हीच आधी आलो. शेवटी तिघांच्या प्रमुखांनी ठरवलं, खोदून बघा. तळाशी ज्याची खूण सापडेल, त्याची जागा. खोदणारा मी. आणि खड्ड्याला लागून खोली कोणाची, तर मला लहानाचं मोठं करणाऱ्या आत्याची. तिन्ही ठिकाणचे दिवे तीच लावते. जागा एकाची झाली की तिला खोली सोडावी लागणार, हे प्रमुखांनी तिला तोंडावर सांगितलं होतं.

काल तळाशी मातीचा दिवा मिळाला, त्यावर एका धर्माची खूण. मी शहाण्यानं लगेच जाहीर करून टाकलं. आत्या ट्रंक भरायला बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि आज त्याच जागी ब्रश फिरवताना हे बटण! भोवतीची माती भुसभुशीत. उंदराचं बीळ असेल तर वरच्या वस्तू खाली घसरतात. म्हणजे दिवाही वरूनच आलेला असू शकतो, आणि कालचं सगळं मुसळ केरात. पण हातानं उकरलेली मातीही अशीच दिसते की! बटणात पांढराशुभ्र दोरा होता, कात्रीनं कापलेला. उंदीर कात्री कधीपासून वापरायला लागले?

वर बघितलं. काठावर आत्या उभी. निळ्या स्वेटरचं एक बटण गायब.

"आत्या, हे इथं कसं आलं?"

"मला काय विचारतोस? शिकलेला तू."

"खरं सांग गं."

"उंदरानं नेलं असेल. नाहीतर मी टाकलं असेल. तुला कुठलं चालेल?"

तेवढ्यात तिन्ही प्रमुख आलेच. "काय मिळालं?"

मी दोरा ओढून मुठीत घेतला आणि बटण दाखवलं. "उंदराचं बीळ आहे. कालचं धरू नका. आधी कोण आलं, सांगता येत नाही."

तिघं पुन्हा जोमानं भांडायला लागले. आत्या ट्रंक रिकामी करायला आत गेली.

आणखी जरा खोदलं असतं तर बीळ होतं की आत्याचा हात, ते कळलं असतं. मी खुरपं खड्ड्याबाहेर फेकून दिलं.