पितरांचा थेंब

बाळकुमला उल्हास नदीच्या काठी, जांभळीच्या सावलीत, काळुरामच्या घरचे रांजण गळ्यापर्यंत पुरलेले असत. भरतीचं पाणी येई, त्यांची कूस गार करून जाई. आत जांभळाची दारू मुरे. प्रत्येक रांजणाला त्याच्या सालाचं नाव. पुराच्या सालची तुरट, लढाईच्या सालची आंबट, कारण गूळ रेशनात गेलेला. झेंड्याच्या, म्हणजे स्वातंत्र्याच्या सालचा रांजण काळुरामने शेवटचा भरला, तोंड लिंपलं आणि पावसाळा सरायच्या आत गेला.

मग दारूबंदी आली. त्याचा धाकटा भाऊ गोपीनाथ पांढरी टोपी घालून गावच्या कमिटीत बसला. बाकीचे रांजण त्याने नदीत ओतवले. झेंड्याच्या सालचा तेवढा काळुरामच्या बायकोने, बायजाने, राखला. वर माती लोटली, भोपळ्याचा वेल सोडला. लेकीच्या, गोदाच्या लग्नासाठी.

हळदीच्या दिवशी घरची बाई एकेका मेल्या माणसाचं नाव घेऊन घरच्या दारूचा थेंब पाडते. तो पडल्याशिवाय लग्नाची गाणी गाणारी धवलारीण गाणं उचलत नाही, नवरीला हळद लागत नाही. पहिली हळद काकाच्या हातची.

गोदाच्या हळदीला काका आला तो पहार घेऊन.

"वयनी, भोपला लय फोफावलाय. वेलाचे मुलाशी काय घातलंस?"

"तुमचे भावाचा घाम. वास नाय येत?"

"फौजदार आला तं बेड्या मना परतील!"

"त्याला सांगंल कोन? गावान तुमच्याएवरा लांब नाक कोनाचा हाय?"

मांडवातल्या बाया फिसकन हसल्या. गोपीनाथ लाल झाला.

"पितरांना पानी दे. आता कायदा हाय."

"मंग पितरांना वाचून दाखवा."

त्याने वेल उपसला आणि पहार घातली. रांजण फुटला. काळुरामच्या हातची जांभळी दारू चिखलात पसरली, उताराने नदीकडे निघाली.

बायजा रडली नाही. गोदासाठी आणलेलं कोरं हळदीचं लुगडं तिने उचललं, त्या चिखलात दाबलं, भिजवलं आणि तसंच मांडवात आणलं. पाटासमोर बसून पिळायला लागली. आजेसासऱ्याचं नाव, थेंब. सासऱ्याचं, सासूचं. काळुरामचं नाव घेताना पीळ जरा सैलावला. थेंब पडला.

इथे थांबायचं असतं. बायजाने लुगड्याचा पीळ पुन्हा आवळला.

"गोपीनाथ."

थेंब पडला.

"वयनी! अगो मी जिता हाय!"

बायजाने धवलारणीकडे पाहिलं. "कोन बोलतंय गो सखुबाय?"

सखुबाईने त्याच्या आरपार नदीकडे बघितलं. "वारा हाय गो," म्हणाली, आणि गळा मोकळा केला:

काठाला जांभूल, पान्यावं सावली,
पितरांचे मांडवी नवरी आयली…

हळदीची वाटी निघाली. गोपीनाथने हात पुढे केला. वाटी त्याच्या हातावरून पुढे गेली.