नंबर घासलेला ट्रान्झिस्टर

मी बोलतोय, पण माझं नाव विचारू नका. ते पॉलिश पेपरने घासून टाकलंय. नखाएवढा काळा चौकोन आणि खाली तीन पाय, एवढंच माझं रूप. आम्हाला ट्रान्झिस्टर म्हणतात. पण जळगावात नुसती 'भाऊ' अशी हाक मारली तर निम्मा बाजार वळून बघतो, तसंच आमचं. खरी ओळख पाठीवरच्या नंबरात असते.

मला शुद्ध आली ती जळगावातल्याच मेहरूण भागातल्या एका घरच्या इन्व्हर्टरमध्ये. आम्ही सख्खे भाऊ एका पट्टीवर ओळीने उभे. लाईट गेली की सगळे मिळून पंखा फिरवायचो आणि मालकीण जुबेदा निवांत पडायची. फार सुखाचे दिवस होते ते.

तिचा नवरा नासीर गाड्यांचं वायरिंग करतो. एका उन्हाळ्यात यादवआबांची गाडी त्याच्या गॅरेजात आली. आबा मूळचे सोनगीरचे, वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले. इंजिन गार ठेवणाऱ्या पंख्याचा ट्रान्झिस्टर जळला होता. बाजारात तसा मिळेना, आणि नासीर 'आजच देतो' असं बोलून बसलेला. मग काय, पठ्ठ्याने गुपचूप घरी येऊन मलाच उपटलं आणि गाडीत बसवलं. कुणी ओळखू नये म्हणून नंबरही घासला. आबांना सांगितलं, कंपनीचा नवा माल आहे. जुबेदाला सांगितलं, इन्व्हर्टर झटक्याने गेला.

मला आधी राग आला, पण गाडी आवडली. आबा चालवता चालवता गाडीशी गप्पा मारतात. तिला चढावर शाबासकी देतात, खड्ड्यात पडली की माफी मागतात. माझ्याशी इतकं गोड आजवर कुणी बोललं नव्हतं.

यंदाच्या मे महिन्यात मात्र मी जळलो. वेळही कशी साधली! दुसऱ्याच दिवशी आबांना धुळ्याहून लेक समीक्षा आणि तिचं सव्वा महिन्याचं बाळ माहेरी आणायचं होतं. जावई म्हणत होते, भाड्याची गाडी करून पाठवतो. आबा गॅरेजातल्या स्टुलावर ठाण मांडून बसले. हट्टाला पेटले की ते अहिराणीवर येतात.

"मना नातू शे तो, नासीरभाऊ. मनीच गाडीम्हा येई."

नासीरने मला भिंगाखाली धरलं, मीटर लावला, दिव्यासमोर फिरवलं. नाटक नुसतं! मी कुठून आलो ते त्याला पक्कं ठाऊक होतं, पण नंबर काही आठवेना. नंबर माझ्या भावांच्या पाठीवर होता, भाऊ घरच्या माळ्यावर होते आणि माळ्याखाली जुबेदा होती. शेवटी त्याने माझा फोटो धुळ्याच्या दुकानदाराला, रुपचंदला पाठवला. रुपचंदचा फोन आला, तो नेमका स्पीकरवर.

"नंबर तर घासलेला आहे. ज्याने घासला त्यालाच विचार ना भाऊ."

आबांनी चष्मा काढला. "पण ही गाडी तुझ्याशिवाय कोणी उघडलीच नाही."

नेमकी तेव्हाच जुबेदा डबा घेऊन दारात आली. नासीरने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आबांकडे. मला त्याची दया आली.

"आबा, तो नवा नव्हता," तो खाली बघत म्हणाला. "आमच्या इन्व्हर्टरमधला होता."

जुबेदाने डबा खाली ठेवला. इतके उन्हाळे ती पुठ्ठ्याने वारा घेत होती. तिने आबांना घाईचं कारण विचारलं आणि बाळ केवढं आहे तेही. मग नवऱ्याकडे वळली.

"बसून काय राहिलात? माळ्यावर चढा. इन्व्हर्टर मी भंगारात दिला नाही तो उगाच नाही. झटका बसला म्हणालात, तेव्हा तुमचं तोंड बघूनच कळलं होतं मला."

त्याच संध्याकाळी माझा भाऊ गाडीत बसला. जुबेदा शेजारी उभी होती, त्यामुळे त्याच्या नंबराला कुणी हात लावला नाही. उरलेल्या भावांच्या पाठीवरून नासीरने आमचा नंबर वाचला आणि रुपचंदला कळवला. आता घरच्या इन्व्हर्टरसाठी दोन नवे येणार आहेत. जुबेदा रोज आठवण करून देते.

मी आता स्क्रूच्या डब्यात पडून असतो. माझं एकच मागणं आहे. आम्हाला कुठूनही काढा, कुठेही बसवा, आम्ही मरेपर्यंत राबू. फक्त पाठीवरचं नाव घासू नका.

भाऊ गाडीत बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी आबा लेक-नातवाला घेऊन आले आणि गाडी गॅरेजसमोर थांबली. जुबेदा बाळ बघायला धावली. ते एसीच्या गारव्यात गाढ झोपलं होतं, कपाळावर घामाचा टिपूस नाही. बॉनेटखाली पंखा घुमत होता. मला भिंगाखाली धरूनही कुणी ओळखू शकलं नव्हतं. मी मात्र डब्याचं झाकण बंद असतानाही आवाजावरून भावाला ओळखलं.